सध्या काय वाचताय, काय ऐकताय? न जमलेल्या संसारांच्या कादंबऱ्यांबद्दल

पूर्वभागकर

गेल्या चार-पाच महिन्यांत हाताला आलेलं जवळपास प्रत्येक पुस्तक न जमलेल्या संसाराचं निघालं. ठरवून काही केलं नव्हतं. काही डोळ्यांनी वाचली, काही कानांनी ऐकली आणि एक तर मी स्वतः मोठ्यानं वाचून मोबाईलवर रेकॉर्ड केली. तिथूनच सुरुवात करते.

माझी अम्मा विड्या वळते. पासष्टी झाली तरी अजून दिवसाला सात-आठशे होतात. आमच्या घरात तेलुगू. अम्माला मराठी सगळं कळतं, बोलते पण छान, पण वाचता येत नाही. मराठीही नाही आणि तेलुगूही नाही. सकाळी पानं कापून झाली की सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसते ती दुपारपर्यंत. टीव्ही चालू असला तरी नजर पानावर, ती नुसती ऐकते. एकदा म्हणाली, "या बायका दिवसभर एवढ्या भांडतात, यांना घरात काम नसतं का गं?" मला वाटलं, हिला दुसरं काहीतरी ऐकवावं.

कॉलेजात 'पण लक्षात कोण घेतो' अभ्यासाला होती. हरिभाऊ आपट्यांनी ती १८९० पासून आपल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः लिहिली. म्हणजे तेव्हाचे लोकसुद्धा पुढच्या आठवड्याची वाट बघत बघतच ती वाचत होते. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे तिच्यावर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. म्हटलं, आपणच वाचू.

मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यांची खटखट भिंतीतून आत येते. म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर आतल्या खोलीत पंखा बंद करून, अंगावरची चादर डोक्यावरून ओढून, आत मोबाईल धरून वाचायचं. चादरीत आवाज घुमत नाही, हे करून बघितल्यावर कळलं. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून चादरीत बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एक प्रकरण संपेपर्यंत अंग निथळायचं. दुसऱ्या दिवशी अम्माच्या सुपाशेजारी मोबाईल ठेवून मी कामावर जायचे.

पहिले दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी संध्याकाळी आले तर चहा टाकायच्या आधी प्रश्न. "त्या दुर्गीच्या नवऱ्याची आई कुठं होती गं तेव्हा? तिला दिसत नव्हतं पोरगा काय करतोय ते?" दुर्गी म्हणजे कादंबरीची नायिका यमू, तिची लहानपणची मैत्रीण. आणि खरं सांगते, मला दुर्गी धड आठवतच नव्हती. परीक्षेसाठी वाचताना मी यमूच्या मागे धावले होते. तिचं वैधव्य, तिचं केशवपन, त्यावर हमखास प्रश्न यायचा. दुर्गीची पानं मी भराभर उलटली असणार. मोठ्यानं वाचताना असं उलटून जाता येत नाही. एकेक वाक्य तोंडातून काढावं लागतं, आणि काही वाक्यं निघत नाहीत. दुर्गीच्या एका प्रसंगाला मी तीनदा रेकॉर्डिंग थांबवलं.

हळूहळू वहिनीही भाजी घेऊन अम्माजवळ येऊन बसायला लागली. तिचा प्रश्न वेगळा, की दुर्गी माहेरी का जात नाही. अम्मानं तिला सांगितलं, "माहेर म्हणजे काय धर्मशाळा आहे का? तिथंही कुणीतरी म्हणतंच की, किती दिवस राहणार." वहिनी गप्प बसली. माझा भाऊ घरातच होता, तोही गप्प होता. पुस्तक मी एकटीनं वाचलं असतं तर ते माझ्यापुरतं राहिलं असतं. मोठ्यानं लावल्यावर ते घरातल्या प्रत्येकाला लागलं, आणि ज्याला त्याला आपापल्या ठिकाणी लागलं.

यमूचा नवरा रघुनाथराव गेल्याचं प्रकरण ऐकून अम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि मग मराठीत म्हणाली, "एकीला बरा मिळाला तर तो राहिला नाही. दुसरीला मिळाला तो असा. मग बाईनं करायचं काय?"

त्यानंतर मी स्वतःसाठी विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' आणली. १९३४ ची. नवऱ्यापासून वेगळी राहणारी अचला आणि तिला लग्नाबाहेर सापडलेलं प्रेम. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे तिची कोंडी कळेल. आपल्या मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोट मागायचा कायदाच १९४७ साली आला, आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ साली. म्हणजे अचलेनं पुस्तकातून उठून कोर्टात जायचं म्हटलं असतं तरी तिथं तिच्यासाठी दार नव्हतं. आज आपण सहज म्हणतो, मग सोडून का नाही दिलं त्याला? सोडायचं कशानं?

तुम्ही काय वाचताय, ऐकताय? या विषयावरचं असेल तर सांगाच, नसेल तरी सांगा.

हुतात्मा_पासवाला

ताई, चादरीचं वाचून मी तसंच करून बघितलं, आवाज खरंच स्वच्छ येतो.

मी आठवड्यातून दोनदा सोलापूर-पुणे करतो, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस. जाऊन-येऊन आठ तास हाताशी असतात. गाडीत पुस्तक धरलं की कुर्डुवाडीच्या आत डोळे मिटतात, म्हणून ऐकायला लागलो. टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' ऐकली, कॉन्स्टन्स गार्नेटबाईंचं इंग्रजी भाषांतर. ते १९०१ चं आहे, स्वामित्वहक्क संपलेला, त्यामुळे लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तिथं स्वयंसेवक वाचतात, पगारी नट नव्हेत. आधी सगळे भाग उतरवून घ्या, वाटेत रेंज जाते.

वीस वर्षांपूर्वी मी हीच कादंबरी वाचली होती तेव्हा ॲना आणि व्रोन्स्की एवढंच डोक्यात राहिलं होतं. नवरा म्हणजे एक कोरडा सरकारी अधिकारी. या वेळी मात्र मी त्या कॅरेनिनपाशी अडकलो. ॲना मॉस्कोहून परत येते. पीटर्सबर्गच्या स्टेशनवर नवरा घ्यायला आलाय, आणि तिचं पहिलं लक्ष जातं ते त्याच्या कानांवर. हे कान असे कसे दिसतात? इतकी वर्षं तेच कान होते. आज खटकले, कारण मधल्या चार दिवसांत तिला दुसरं कुणीतरी भेटलंय. पुढं त्याची बोटं मोडायची सवय. त्या बोटांचा आवाज तिला सहन होत नाही. मोठं भांडण नाही, मारहाण नाही. बोटं मोडल्याचा आवाज, बस.

हे मी हेडफोनमध्ये ऐकत होतो आणि समोरच्या बाकावर एक जोडपं डबा खात होतं. ती त्याला न विचारता पोळीचा कडेचा करपलेला भाग काढून देत होती. मला एकदम वाटलं, आपल्या बायकोला आपलं काय खटकत असेल? घरी आल्यावर तिला विचारलं. तिनं सांगितलंही. ते इथं लिहीत नाही, पण आता ते करत नाही.

आणि तोच कॅरेनिन, ॲना बाळंतपणानंतर मरणाच्या दारात असताना, तिला आणि व्रोन्स्कीलाही माफ करतो. मनापासून करतो. तरी संसार जुळत नाही. त्या भागाच्या वेळी दौंड कधी गेलं मला कळलं नाही.

जुनी_गिरणी

धागा चांगला आहे. पण ऐकण्याला वाचन म्हणायला मी तयार नाही.

आमच्या चाळीत गिरणीची पाळी सुटल्यावर एक जण पेपर मोठ्यानं वाचायचा आणि दहा-पंधरा जण ऐकायचे, त्यात माझे वडीलही असत. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पूर्वभागकरताईंनी आईसाठी जे केलं त्याला माझा नमस्कार आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हल्लीच्या ध्वनिपुस्तकांत वाचणारा वाचत नाही, अभिनय करतो. मागं सतार, मधेच दार वाजल्याचा आवाज.

खांडेकरांची 'ययाति' घ्या. १९५९ ची कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ. तिची सगळी गंमत अशी की ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं आपली बाजू सांगतात. एकाच लग्नाची तीन बयानं. न्यायाधीश तुम्ही. देवयानी अहंकारी आहे हे खरं, पण ती स्वतः बोलते तेव्हा तिचंही काहीतरी दुखतंय हे दिसतं. आता वाचणाऱ्या बाईनं देवयानीचा आवाज कर्कश लावला आणि शर्मिष्ठेचा मधाळ, की निकाल तिथंच लागला. मला मग काही ठरवायचं उरलंच नाही. नातवानं मला एक असंच नाट्यमय वाचन ऐकवलं, पुस्तक दुसरं होतं. मी अर्ध्या तासात बंद केलं.

मी अजून हिराचंद नेमचंद वाचनालयात जातो. पुस्तक हातात असलं की मी थांबतो, मागं जातो, देवयानीचं पान संपवून शर्मिष्ठेचं तेच पान शोधतो. संसाराच्या गोष्टीत मागं जाता आलं पाहिजे. नवरा पाचव्या प्रकरणात जे बोलला ते बायकोनं विसाव्यात कसं ऐकलं, हे ताडून बघितल्याशिवाय कळत नाही.

पूर्वभागकर

काका, अभिनयाबद्दल शंभर टक्के पटलं. मी पहिल्या दोन प्रकरणांत यमूच्या वडिलांचा आवाज दरडावून काढला होता. अम्मा म्हणाली, "तू वाच फक्त. तो वाईट आहे ते मला कळतंय." ती दोन्ही प्रकरणं पुन्हा साध्या आवाजात वाचली.

मागं जाण्याचं म्हणाल तर अम्मा मागं जाते की. मोबाईल चालवता येत नाही, म्हणून मला सांगते, "ते मघाचं पुन्हा लाव." दुर्गीचा तो भाग तिनं चारदा लावायला सांगितला.

होटगीरोड

सोलापूरबाहेरच्या लोकांना कदाचित समजणार नाही अशी एक गोष्ट लिहिते. आमच्या घरी कन्नड. शाळा मराठी. कन्नड बोलते, ऐकते, भांडते, देवाला हाक मारते ती कन्नडमध्ये, पण कन्नड अक्षरं वाचता येत नाहीत. माझ्या वयाच्या निम्म्या सोलापूरचं असं असेल, कुणाचं कन्नड, कुणाचं तेलुगू. म्हणजे स्वतःच्या मातृभाषेतली कादंबरी आम्हाला बंद. आईची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी.

माझी आई त्रिवेणींच्या 'शरपंजर'ची गोष्ट सांगायची. लिहिणाऱ्या त्रिवेणीबाई १९६३ सालीच गेल्या, तरुण होत्या. त्यांच्या कावेरीला बाळंतपणानंतर मानसिक आजार होतो. उपचार होतात, ती बरी होऊन घरी येते. आणि घर तिला परत घेत नाही. नवरा घरात असतो, पण तिचा राहिलेला नसतो. ती साधं हसली तरी लोक एकमेकांकडे बघतात. १९७१ साली पुट्टण्णा कणगाल यांनी त्यावर सिनेमा काढला, कल्पना होती त्यात. आईनं तो बघितला होता आणि तिला सगळा पाठ होता.

या वर्षी माझ्या मावसबहिणीनं, तिला कन्नड वाचता येतं, मला ती कादंबरी फोनवर वाचून दाखवली. रोज रात्री वीस मिनिटं, ती विजापुरात, मी इथं. मी चाळीस वर्षांची आहे आणि आईच्या भाषेतली पहिली कादंबरी मी या वर्षी 'वाचली'. काका, तुम्ही याला वाचन म्हणा की नका म्हणू, माझ्यासाठी दुसरा रस्ता नव्हता.

आणखी एक. माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी मला तीन महिने असंच झालं होतं. झोप नाही, रडू, बाळाला घ्यायची भीती. घरात सगळे म्हणाले, बाळंतिणीला होतं असं. डॉक्टरकडे नेलं ते माझ्या सासूबाईंनी, नवऱ्यानं नव्हे. कावेरीला अशी सासू असती तर, असं मला सारखं वाटत राहिलं. पूर्वभागकर, तुमच्या अम्मांचा प्रश्न, नवऱ्याची आई कुठं होती, तो मला रात्रभर पुरला.

जुनी_गिरणी

होटगीरोडताई, तुमचं वाचून माझं पहिलं वाक्य मागं घेतो. वाचनच ते.

जुळेसोलापूर_२

नमस्कार. मी नेहमी नुसतीच वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय.

आठ महिने झाले, मी माहेरी आहे. काय होणार ठरलेलं नाही. येणारे-जाणारे पुस्तकं देतात. एकीनं संसार टिकवण्याचं दिलं, एका मैत्रिणीनं बंडखोर बाईचं दिलं. दोन्ही अर्धी ठेवली. दोन्हींत मला काय करायचं ते कुणीतरी सांगतंय असं वाटतं. असं एखादं आहे का, ज्यात कुणी काही सांगत नाही, पण सोबत होईल? ऐकायचं असलं तर बरं. रात्री झोप लागत नाही आणि दिवा लावला की आई उठते.

हुतात्मा_पासवाला

'ॲना' आत्ता नको. नंतर कधीतरी. शेवट ठाऊक असला तरी जड जातो.

होटगीरोड

माझंही तेच मत, 'शरपंजर'सुद्धा आत्ता नको. शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' मी सुचवेन, पण तीही थोडं स्थिर वाटल्यावर. त्यात रीटा हॉस्पिटलात पडून आहे, मन कोसळल्यावर हळूहळू स्वतःला गोळा करतेय. घाई नाही त्यात. उपदेश तर नाहीच.

पूर्वभागकर

लिहिलंत ते बरं केलंत. दोन सांगते, पण आधी एक. झोप नाही हे आठ महिने चालू असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा, पुस्तकाच्या आधी. वर होटगीरोडनी लिहिलंय ते वाचलंत ना?

पहिलं, मेघना पेठेंची 'नातिचरामि'. लग्नात नवरा म्हणतो ना, धर्मे च अर्थे च कामे च नातिचरामि, मी मर्यादा ओलांडणार नाही, त्यातला तो शब्द. लग्न मोडलेल्या मीराची गोष्ट. ती फार बोलते, स्वतःशी भांडते, कधी कधी मला तिचा राग आला. पण तुम्ही असंच वागा, असं ती कुठंच म्हणत नाही. ती रात्री ऐकण्यासारखी नाही, दिवसा वाचा.

दुसरं रात्रीसाठी, आणि ती कादंबरी नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. हे सुचवताना जरा भीती वाटते, म्हणून नीट सांगते. अकराव्या वर्षी लग्न, नवरा म्हणजे ना. वा. टिळक, कवी आणि शीघ्रकोपी, केव्हा घर सोडून जाईल नेम नाही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढं ते दोघं परत एकत्र आले. पण म्हणून तुम्हीही परत जा, असा अर्थ कृपा करून काढू नका, आणि कुणी काढून दाखवला तर ऐकू नका. मी सुचवतेय ते त्यांच्या आवाजासाठी. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहितात ते बोलल्यासारखं. नवऱ्यावर चिडतात, दोन ओळींनी त्याच माणसाचं कौतुक करतात, आणि दोन्ही खरं असतं. वेगळं राहणाऱ्या बाईला लोक काय काय बोलतात तेही त्यात आहे. वाचताना वाटतं, आपल्या शेजारी कुणीतरी मोठी बाई गोधडीवर बसून सांगतेय.

जुळेसोलापूर_२

डॉक्टरांचं खरंय. सोमवारी जाते. 'स्मृतिचित्रे' कुठं ऐकायला मिळेल?

हुतात्मा_पासवाला

पूर्वभागकर, तुमची हरिभाऊंची रेकॉर्डिंग इथं टाकाल का? आणि 'रीटा'चीही कुणी केली तर बरं होईल.

पूर्वभागकर

हरिभाऊंची देते, एकूण एक प्रकरण. माग ऐकू येतो काही ठिकाणी, सांभाळून घ्या.

'रीटा' किंवा 'हिंदोळ्यावर' मात्र नाही करता येणार. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. मालतीबाई बेडेकर, म्हणजेच विभावरी शिरूरकर, २००१ साली गेल्या. खांडेकर १९७६ साली, त्यामुळे काका, 'ययाति'लाही २०३६ संपेपर्यंत हात लावायचा नाही. ही पुस्तकं विकत घ्या, वाचनालयातून आणा, घरात आईला वाचून दाखवा, पण रेकॉर्डिंग करून वाटू नका. लिहिणाऱ्यांच्या कष्टाचे आहेत ते पैसे.

लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, म्हणून 'स्मृतिचित्रे' मोकळं आहे. पहिल्या चार प्रकरणांचं रेकॉर्डिंग मी कालच केलं, अम्मासाठी करायचंच होतं. जुळेसोलापूर, आज रात्री तुम्हाला पाठवते. साध्या आवाजात वाचलंय.

एक अडचण आहे. मधेमधे टिळकांच्या कविता येतात आणि मला त्या चालीत म्हणता येत नाहीत, नुसत्या वाचल्या की अम्मा म्हणते हे गाणं आहे ना, मग गा. कुणाला जमेल का?

जुनी_गिरणी

मला जमेल. शाळेत आम्हाला गुरुजींनी ओव्या, आर्या, साकी सगळं चालीवर म्हणायला लावलं होतं. कधी येऊ सांगा, चादर माझी मी घेऊन येईन.

पूर्वभागकर

या की काका. रात्री साडेनऊनंतर या, तोवर माग थांबलेले असतात. अम्मा चहा करून ठेवेल.